सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया: आधी मधली फळी ऐका

मुंबईत पूर्ण आकाराचा पाश्चात्य वाद्यवृंद ऐकायचा तर आज पत्ता ठरलेला आहे: नरिमन पॉइंटच्या टोकाचं एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) आणि आतलं जमशेद भाभा थिएटर. वाद्यवृंदाचं नाव सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया, सगळे म्हणतात एसओआय. नावात देश असला तरी ऑर्केस्ट्रा मुंबईचा आहे. तालीम इथे, मैफल इथे, शाळाही इथेच. वर्षात दोन मुख्य हंगाम, एक फेब्रुवारीच्या सुमाराला, दुसरा सप्टेंबरच्या.

त्याच्याबद्दल छापून येतं ते बहुतेक पाहुण्या पियानोवादकाबद्दल किंवा पाहुण्या संचालकाबद्दल, म्हणजे कंडक्टरबद्दल. तिकीट खपायला ते ठीक. पण ऑर्केस्ट्रा कसा आहे हे पाहुण्यावरून कळत नाही. पाहुणा उद्या सिंगापूरला तेच वाजवणार असतो. कस लागतो तो मधल्या फळीचा, म्हणजे दुसऱ्या व्हायोलिनांचा आणि व्हिओलांचा (व्हिओला म्हणजे व्हायोलिनपेक्षा जरा मोठं, खालच्या सुराचं वाद्य). पहिली व्हायोलिनं चाल वाजवतात, ती कोणाच्याही कानावर पडते. चेलो आणि डबल बास खालून आधार देतात, तोही जाणवतो. मधली फळी स्वरमेळाचा भराव करते: कधी एकाच सुरावर चाळीस मात्रा थरथरत राहायचं, कधी फक्त अर्ध्या मात्रेवर ठोके द्यायचे. ते नीट झालं की कुणाच्या लक्षात येत नाही, बिघडलं की सगळा आवाज पोकळ वाटतो. चांगला एकल वादक दोन तालमींत बसतो. पण बारा जणांचे गज, म्हणजे तारांवर घासायच्या काठ्या, एका जागी, एका वजनाने पडायचे तर त्याच बारा जणांनी महिनोन्‌महिने शेजारी बसावं लागतं.

मुंबईचा ऑर्केस्ट्राचा इतिहास नेमका इथे अडखळत आलेला आहे. एका संध्याकाळीपुरते साठ-सत्तर वादक जमवणं या शहराला फार अवघड कधी गेलं नाही. पुढच्या मंगळवारच्या तालमीला तीच माणसं परत आणणं अवघड गेलं.

१९३५ साली मेहली मेहता यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. ते स्वतः व्हायोलिनवादक. तंतुवाद्यांना पारशी, गोवेकर आणि शहरात राहणारे युरोपीय असत. फुंकीच्या वाद्यांसाठी, विशेषतः पितळी वाद्यांसाठी, नौदलाच्या बँडकडे बघावं लागे. अडचण इथेच आहे. बँडमधल्या माणसाची पहिली निष्ठा त्याच्या नोकरीशी. तुकडी हलली की तुमचे हॉर्न गेले. व्हायोलिनच्या रांगेतला एक माणूस कमी झाला तर चालतं. दोन हॉर्नपैकी एक गेला तर बीथोवन वाजवताच येत नाही, कारण प्रत्येक फुंकीवाद्याला स्वतंत्र ओळ लिहिलेली असते आणि ती दुसऱ्या कुणाकडे नसते. मैफली होत त्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये. ती वास्तू अजून उभी आहे. १९९६ पासून तिथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे आणि आतली रचना इतकी बदलली आहे की तिथे कधी सिंफनी घुमली असेल यावर विश्वास बसत नाही.

याच सुमाराला प्रागहून आलेले वॉल्टर कॉफमन मुंबईत होते. १९३४ ते १९४६ एवढा त्यांचा मुक्काम. त्यांनी इथे चेंबर म्युझिक सोसायटी चालवली, रेडिओत काम केलं, आणि आकाशवाणीची तानपुऱ्यावरची ती ओळखधून त्यांच्याच नावावर आहे. चार-पाच जणांचं चेंबर संगीत त्या मुंबईत तगू शकलं याचं कारण साधं आहे: चार माणसं कुणाच्याही दिवाणखान्यात बसतात. साठ माणसांना खुर्च्या, स्टँड, कोरलेल्या नोटेशनच्या साठ प्रती आणि भाड्याची खोली लागते.

मेहली मेहता १९४५ मध्ये शिकायला न्यूयॉर्कला गेले, १९४९ मध्ये परतले, आणि १९५५ नंतर कायमचे बाहेर पडले. आधी मँचेस्टरचा हॅले ऑर्केस्ट्रा, मग अमेरिका. त्यांचे चिरंजीव झुबिन यांनी सोळाव्या वर्षीच वडिलांच्या ऑर्केस्ट्राची तालीम घेतली होती. १९५४ मध्ये तेही व्हिएन्नाला गेले. एका घराच्या खांद्यावर उभा असलेला ऑर्केस्ट्रा घर हलल्यावर फार दिवस उभा राहत नाही.

मग या शहरात वादक उरले नव्हते का? उरले होते, भरपूर होते, पण सिनेमाच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंत. पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चला जोडलेल्या संगीतशाळा असत. तिथला मेस्त्र पोरांना आधी सोल्फेज शिकवायचा, म्हणजे कागदावरचे सूर बघताक्षणी गाऊन दाखवायला लावायचा, आणि मग हातात व्हायोलिन द्यायचा. या शिस्तीतून तयार झालेली माणसं मुंबईत आली आणि हिंदी चित्रपटसंगीताचा कणा झाली. सकाळी नऊला समोर ठेवलेला कागद साडेनऊला बिनचूक वाजवणारे हे लोक. संगीतकार चाल पेटीवर सांगे. ती साठ वाद्यांत वाटून देणारे अरेंजर, म्हणजे सेबॅस्टियन डिसूझांसारखे लोक, ऑर्केस्ट्राचं तंत्र घोटून आलेले होते.

यातलेच अँथनी गोन्साल्विस. माजोर्ड्याचे, जन्म १९२७. प्यारेलाल यांचे गुरू म्हणून लोक त्यांना ओळखतात. त्यांनी १९५८ मध्ये इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात शंभरावर वादक बसवून मैफल केली; गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. रागावर आधारलेली रचना पाश्चात्य स्वरमेळात बांधायचा तो प्रयत्न होता. खर्च बराचसा पदरमोडीचा. असे प्रयोग पैशाअभावी थांबतात असं आपण सरसकट म्हणतो, पण इथे दुसरंही कारण होतं: स्टुडिओतला वादक पाळीवर पैसे मिळवतो. बिनपैशाच्या तालमीला येणं म्हणजे त्या दिवसाची पाळी सोडणं. एकदा सोडतो, दोनदा सोडतो, तिसऱ्यांदा घरचे विचारतात. गोन्साल्विस १९६५ मध्ये अमेरिकेला गेले.

१९६२ पासून बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्राने हौशी आणि व्यावसायिक वादकांना धरून वर्षानुवर्षं मैफली केल्या. मुंबईत पाश्चात्य वाद्यसंगीताचा धागा पूर्ण तुटला नाही याचं बरंच श्रेय त्या चिवटपणाला. पुढे ऐंशीच्या दशकाअखेर सिंथेसायझर आणि नव्वदीत संगणक आले. चाळीस व्हायोलिनांचं काम एका की-बोर्डवर होऊ लागलं तसं स्टुडिओतल्या तंतुवादकांचं पोट तुटलं, आणि मुलांना व्हायोलिन शिकवायचं कारणही संपलं. एसओआयच्या आधीचा हा हिशेब माहीत असला की मंचावर बसलेल्या परदेशी चेहऱ्यांचा अर्थ नीट लागतो.

एनसीपीएची स्थापना १९६९ ची, जे. आर. डी. टाटा आणि जमशेद भाभा यांच्या पुढाकाराने, समुद्रात भराव घालून केलेल्या जमिनीवर. १९८० मध्ये टाटा थिएटर उघडलं. वास्तुकार फिलिप जॉन्सन, ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस. हजारभर आसनांचं हे सभागृह पंख्यासारखं पसरलेलं आहे, कारण मुळात ते बैठकीसाठी बांधलं: सतार-सरोद मायक्रोफोनशिवाय ऐकू यावी, कलाकाराची बोटं दिसावीत. मोठ्या ऑर्केस्ट्राला ते अपुरं. जमशेद भाभा थिएटर त्यासाठी बांधायला घेतलं. ते पूर्ण होत आलं असताना १९९७ मध्ये आगीत गेलं, पुन्हा बांधलं, आणि १९९९ मध्ये उघडलं. आसनं ११०९, मंचासमोर ऑपेरासाठी ऑर्केस्ट्राचा खड्डा.

म्हणजे वास्तू आधी आली आणि ऑर्केस्ट्रा सात वर्षांनी. २००६ मध्ये एनसीपीएचे खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मारात बिसेनगालिएव्ह यांनी एसओआय सुरू केला. बिसेनगालिएव्ह यांनी २००३ मध्ये वेस्ट कझाकस्तान फिलहार्मोनिक स्थापन केला होता, त्यामुळे तंतुवादकांची तयार फळी त्यांच्या हाताशी होती. सुरुवातीचा साचा असा बसला: मोजके भारतीय वादक कायमचे, आणि हंगाम आला की बाकीचे बाहेरून, त्यात कझाकस्तानचे बरेच.

या साच्यावर टीका खूप झाली. "नाव इंडिया आणि वाजवणारे कझाक" हा टोमणा जुना आहे. आमच्या मते टोमणा अर्धा बरोबर आहे. पर्याय दोनच होते: स्थानिक वादक तयार व्हायची पंधरा-वीस वर्षं वाट बघायची, किंवा आज बाहेरून माणसं आणून शहराला आवाज ऐकवायचा आणि शेजारी बसून इथली मुलं तयार करायची. दुसरा मार्ग घेतला ते योग्य केलं. मात्र त्याची किंमत ऐकू येते, ती पुढे सांगतो.

तो मार्ग खरा की नुसती सबब, हे ठरवणारी गोष्ट म्हणजे २०१२ मध्ये सुरू झालेली एसओआय म्युझिक अकॅडमी. शिकवण रशियन पद्धतीची: लहान वयात सुरुवात, आठवड्याला ठरलेले वैयक्तिक धडे, आणि वाद्याच्या जोडीला सोल्फेज, सिद्धांत, समूहगान. हे गोव्याच्या मेस्त्रच्या शिस्तीचंच दुसरं रूप आहे, फरक इतकाच की आता शिकवणारा पगारी आहे आणि शाळेच्या भिंतीपलीकडे प्रत्यक्ष ऑर्केस्ट्रा वाजतो. पालकांनी एक लक्षात घ्यावं. व्हायोलिन आणि पियानोला मुलांची रांग लागते, पण कोणत्याही ऑर्केस्ट्राला माणसं कमी पडतात ती व्हिओलाला, ओबो आणि बसून (बासून) या लाकडी फुंकीवाद्यांना आणि हॉर्नला. मुलाचा हात मोठा असेल तर व्हायोलिनवर काही वर्षं झाल्यावर व्हिओलाकडे वळवायचा विचार जरूर करा. गज धरायची पद्धत तीच, वाचायची चावी, म्हणजे कागदावर कुठली रेघ कुठला सूर हे ठरवणारी खूण, मात्र वेगळी.

आता मैफलीचं.

आत गेल्यावर आधी खुर्च्या मोजा. उत्तर-रोमँटिक काळातल्या मोठ्या सिंफनीला साधारण १४ पहिली व्हायोलिनं, १२ दुसरी, १० व्हिओला, ८ चेलो आणि ६ डबल बास लागतात: पन्नास तंतुवादक. मोझार्टला यातले निम्मे पुरतात. मंचावर दोन ट्रम्पेट, चार हॉर्न आणि तीन ट्रॉम्बोन मांडलेत आणि पहिली व्हायोलिनं दहाच दिसली, तर पितळी वाद्यांसमोर तंतू दबणार हे आधीच समजा. त्यात वादकांचा दोष नसतो, आकड्याचा असतो.

मग ओबो सूर देईल. सूर ए, म्हणजे आपल्या पेटीची पांढरी सहा. ओबोचाच का, तर त्याचा नाद अणकुचीदार असतो, गर्दीतून ऐकू येतो. तानपुरा जुळताना जसं आपण गप्प बसतो तसं इथे बसा, कारण या अर्ध्या मिनिटात पुष्कळ कळतं. सूर एकदम एका रेषेत आला तर ऑर्केस्ट्रा सभागृहाच्या हवेला सरावलेला आहे. बराच वेळ वर-खाली होत राहिला तर हवेचा त्रास चाललाय.

हवेचा त्रास मुंबईत खोटा नाही. सप्टेंबरला बाहेर दमटपणा ऐंशी टक्क्यांच्या वर सहज असतो, आत वातानुकूलन. लाकूड ओल धरतं आणि फुगतं. व्हायोलिनच्या खुंट्या अडकतात, एक मिलिमीटर फिरवायला गेलं की तीन मिलिमीटर फिरते. कोरड्या थंडीत उलटं होतं, लाकूड आक्रसतं आणि खुंटी सुटून तार एकदम उतरते. व्हायोलिनच्या पाट्या मुद्दाम सरसाने चिकटवतात, फाटण्याआधी सांधा उकलावा म्हणून. दमट हवेत तो सांधा कधी कधी खरंच उकलतो आणि खालच्या सुरात बारीक खरखर येते. ओबो-बसूनची जिभाळी वेताची, वादक ती स्वतः तासतो; युरोपातल्या कोरड्या हवेत तासलेली जिभाळी इथे जड पडते. म्हणून अनुभवी ओबोवादक मुंबईला येताना जास्तीची आणतो आणि इथे पोचल्यावर पुन्हा तासतो. हार्पच्या ४७ तारा, त्यांचं तर विचारू नका. हार्पवादक सगळ्यांच्या आधी मंचावर येऊन एकटा जुळवत बसलेला दिसतो तो याच कारणाने. सिंफनीच्या दोन भागांमध्ये संचालकाने थांबून पुन्हा सूर लावायला सांगितला तर तो गोंधळ समजू नये. फेब्रुवारीत हे कमी होतं. निवड असेल तर पहिल्यांदा फेब्रुवारीत जा.

जागा कुठली घ्यावी? पहिल्या तीन-चार रांगा टाळा. तिथे समोरच्या दोन व्हायोलिनांच्या गजाला लावलेली राळ तारेवर घासल्याचा आवाजसुद्धा येतो, पण मागची फुंकीची वाद्यं डोक्यावरून निघून जातात आणि दिसतही नाहीत. बाल्कनीचं छत डोक्यावर येतं तिथल्या अगदी मागच्या रांगाही नकोत, वरून परतणारा नाद तिथे पोचत नाही आणि आवाज डबीत बंद झाल्यासारखा येतो. तळमजल्याची मधली, जरा मागची रांग किंवा बाल्कनीची पुढची रांग सर्वांत चांगली. वरून सगळ्या रांगा दिसतात, आणि मधली फळी ऐकायला ती दिसावी लागते. पियानो कॉन्चेर्टो, म्हणजे एकल पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना, असेल तर बोटं बघायला मंचाच्या डाव्या हाताच्या जागा लवकर जातात; नादासाठी मात्र मधोमधच बरं, कारण पियानोचं झाकण वादकाच्या उजवीकडे, म्हणजे श्रोत्यांकडे उघडतं आणि आवाज त्या बाजूला सुटतो.

ऑपेरासाठी बांधलेल्या मंचाची एक खोड असते. पडदे वर ओढून घ्यायला मंचावर उंच पोकळी असते आणि ऑर्केस्ट्रा तसाच बसवला तर निम्मा आवाज त्या पोकळीत जातो. म्हणून वादकांच्या मागे आणि वर परावर्तक कवच उभारतात. त्याच्या लगत बसलेल्या हॉर्नचा आवाज लागलीच परततो, कारण हॉर्नचं तोंड मुळातच मागे असतं. हॉर्न ठसठशीत आणि व्हिओला फिकी वाटली तर दोष वादकांवर ढकलण्यापूर्वी हे ध्यानात घ्या.

आता ती मधली फळी. प्रत्येक दोन तंतुवादकांत एक स्टँड असतो. पान उलटायची वेळ आली की आतल्या बाजूचा वादक उलटतो, बाहेरच्या बाजूचा वाजवत राहतो. दुसऱ्या व्हायोलिनांत बारा जण म्हणजे सहा स्टँड. शेवटच्या दोन स्टँडकडे बघा. पहिल्या स्टँडवरच्या प्रमुखाने गज वर नेला की शेवटच्या स्टँडचा गज त्याच क्षणी वर जातो, की पाव मात्रा मागून? गजाचा मधला भाग वापरला जातोय की टोक? टोकाचा आवाज हलका, मुठीजवळचा जड. रांगेत निम्मे टोकाला आणि निम्मे मुठीला असले तर सूर एक असूनही नाद दोन येतात. गज कुठे वर, कुठे खाली, याच्या खुणा प्रमुख वादक तालमीआधी पेन्सिलीने करून देतो आणि त्या सगळ्या प्रतींत उतरवल्या जातात. कायम एकत्र वाजवणाऱ्या ऑर्केस्ट्राला या खुणा पुरतात. हंगामापुरत्या जमलेल्यांना खुणा असूनही पहिले दोन दिवस अंदाज घेण्यात जातात.

एसओआयबद्दल आमचं मत इथे येऊन ठरतं. पहिल्या व्हायोलिनांचा नाद भरदार आहे, रशियन वळणाचा, गज जड आणि कंप मोठा. चायकोव्हस्की, रख्मानिनव्ह यांना तो शोभून दिसतो. हायडन-मोझार्टला तोच नाद थोडा जाड होतो. मधली फळी हंगामाच्या शेवटच्या मैफलीत पहिल्या मैफलीपेक्षा स्पष्टपणे घट्ट असते. ही हंगामी साच्याची किंमत. तीन-चार आठवडे रोज वाजवून ऑर्केस्ट्रा जुळतो, आणि जुळला की पांगतो. म्हणून एकच मैफल घ्यायची तर हंगामातली शेवटची घ्या.

दौऱ्यांनी हा प्रश्न थोडा हलका झाला. २०१६ मध्ये स्वित्झर्लंड, २०१९ मध्ये ब्रिटन. दौऱ्यात तोच कार्यक्रम लागोपाठ वेगवेगळ्या सभागृहांत वाजतो. दर सभागृहात नाद वेगळा परततो, त्यामुळे वादक कागदावरचं लक्ष काढून एकमेकांच्या आवाजावर ठेवायला शिकतात. ब्रिटनच्या दौऱ्यात झाकिर हुसेन यांचा 'पेशकार' होता, तबला आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना, एसओआयने २०१५ मध्ये एनसीपीएतच पहिल्यांदा सादर केलेली. ही रचना ऑर्केस्ट्राच्या दृष्टीने सोपी नाही. तबलजी आवर्तन धरून चालतो, समेवर येईपर्यंत आतल्या मात्रा हव्या तशा वाटतो. ऑर्केस्ट्रातला वादक मात्र कागदावर उभ्या रेघांनी पाडलेली मात्रांची घरं मोजत बसलेला असतो. दोघांना एकत्र ठेवायचं काम संचालकाचं, आणि त्याचा डोळा तबल्याच्या हातावर असावा लागतो. २०२४ च्या डिसेंबरात झाकिर हुसेन गेले. रचना कागदावर आहे, पण त्यातली तबल्याची जागा भरणं कागदाने होणार नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये झुबिन मेहता यांनी एसओआय पहिल्यांदा संचालित केला. १९३५ चा ऑर्केस्ट्रा ज्या घरात उभा राहिला त्या घरचा मुलगा, वय ८७.

टाळीचं सांगायला हवं, कारण आपल्याकडे गडबड होते ती सवयीने. बैठकीत समेवर दाद दिली नाही तर कलाकाराला चुकल्यासारखं वाटतं. इथे चार भागांची सिंफनी संपूर्ण संपेपर्यंत थांबतात. कार्यक्रमपत्रिकेत रचनेखाली भागांची यादी असते, ती आधी मोजून ठेवा आणि शेवटच्या सुरानंतर संचालकाचे हात पूर्ण खाली येईपर्यंत थांबा. सर्वांत मोठा सापळा चायकोव्हस्कीच्या सहाव्या सिंफनीत आहे. तिसरा भाग मिरवणुकीसारखा चढत जाऊन असा दणक्यात संपतो की जगभरात लोक फसतात आणि टाळ्या पडतात. चौथा भाग त्यानंतर येतो, संथ आणि काळवंडलेला. या चौथ्या भागाची सुरुवात मधल्या फळीची परीक्षाच आहे: कानाला जी चाल ऐकू येते ती कोणतीच रांग पूर्ण वाजवत नाही. एक सूर पहिल्या व्हायोलिनांचा, पुढचा दुसऱ्यांचा, असा एकाआड एक वाटून दिलेला. दोन्ही रांगांचं वजन सारखं असेल तरच चाल उभी राहते. पुढे तीच चाल परत येते तेव्हा मात्र ती पहिल्या व्हायोलिनांना अख्खी दिलेली आहे. दोन्ही वेळा ऐकून तुलना करा.

पहिल्यांदाच जाणाऱ्याने मात्र द्वोर्झाकच्या नवव्या सिंफनीची संधी आली तर तीच घ्यावी. दुसऱ्या भागात इंग्लिश हॉर्नची लांब चाल आहे. नावात हॉर्न असला तरी हा पितळी नाही, ओबोचाच मोठा, खालच्या सुराचा भाऊ. टुबा या सर्वांत मोठ्या पितळी वाद्याचा वादक फक्त याच भागात वाजवतो, बाकी वेळ मांडीवर वाद्य घेऊन बसतो. झांजेचा अख्ख्या सिंफनीत एकच ठोका, तोही शेवटच्या भागात आणि हलका. बीथोवनच्या पाचवीत असंच पिकोलो (छोटी बासरी), कॉन्ट्राबसून (बसूनचा मोठा भाऊ) आणि तीन ट्रॉम्बोन शेवटचा भाग येईपर्यंत गप्प असतात. ते सुरू झाले की सभागृहातली हवा जाड झाल्यासारखी वाटते.

तक्रारी दोन. कार्यक्रमपत्रिका इंग्रजीत असते. मराठी श्रोता या सभागृहात कमी येतो त्याला हे एकच कारण नाही, पण एक पानी मराठी टिपणाला फार खर्च येत नाही. दुसरी जास्त गंभीर: भारतीय संगीतकारांकडून नव्या रचना फार कमी मागवल्या जातात. 'पेशकार'सारखं काम दहा वर्षांत एकदा होऊन भागत नाही. ऑर्केस्ट्राला स्वतःची भाषा अशाच कामातून येते. अँथनी गोन्साल्विस १९५८ मध्ये जिथे पोचले होते तिथून पुढचं पाऊल अजून बाकी आहे.

जायचं कसं ते थोडक्यात. चर्चगेटहून चालत वीस-पंचवीस मिनिटं, किंवा मेट्रो ३ चं विधान भवन स्टेशन. तिकिटं एनसीपीएच्या संकेतस्थळावर, खिडकीवर आणि बुकमायशोवर मिळतात. सभासदांना आधी बुकिंग करता येतं, त्यामुळे मोठं नाव असेल तर सर्वांसाठी विक्री खुली होते त्याच दिवशी घ्या. वेळेवर पोचा. उशिरा आलेल्याला रचना संपल्याशिवाय आत सोडत नाहीत, आणि पहिली रचना बऱ्याचदा दहा मिनिटांचं ओव्हर्चर, म्हणजे सुरुवातीची छोटी रचना, असलं तरी कधी कधी ती पाऊण तासाचा कॉन्चेर्टो निघते. सभागृह गार असतं, शाल न्या. खोकल्याची गोळी आधीच कागदातून सोडवून रुमालात ठेवा. व्हिओलांच्या हलक्या थरथरीवर तो चुरचुरणारा कागद अख्ख्या रांगेला ऐकू जातो.